कानटोपीचा विचार

दिवाळी उलटते, भाताची कापणी आटोपते आणि पहाटेच्या वाऱ्याला धार येते, तसतशी आमच्या खेड्यांतील माणसांची डोकी झाकली जाऊ लागतात. कोणी खांद्यावरचा पंचा कानांवरून गुंडाळतो, कोणी पदर हनुवटीखाली खोचते, तर कोणी गेल्या साली उंदराने कुरतडलेली माकडटोपी पेटीच्या तळातून शोधून काढतो. अंगातील सदरा आणि पायांतील वहाण आम्ही पारखून घेतो. डोक्यावर काय घ्यावयाचे हे मात्र त्या क्षणी जे फडके हाताशी लागेल त्यावर सोडून देतो. हे योग्य नव्हे. डोके, कान आणि नाक यांचे आच्छादन ही हिवाळ्यातील सर्वांत स्वस्त वस्तू होय. परंतु ते कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, याचा विचार करून घेतले तरच उपयोगी पडते. अविचाराने वापरले तर क्वचित जिवावरही बेतते.

आमचे वाचक एकाच हवेत राहत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटेस खांद्यावर एक पंचा पुरतो. बेळगाव, खानापूर, चंदगड या घाटमाथ्याच्या पट्ट्यात धुके आणि दहिवर यांमुळे गारठा अंगाला झोंबतो. इंदूरकडे थंडी याहून कडक, आणि ग्वाल्हेरीस तर जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. म्हणून एकाच्या घरी शोभणारी टोपी दुसऱ्याच्या घरी पुरेल असे नाही. तथापि निवडीची तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

प्रथम एक रूढ समज दूर करावयास हवा. अंगातील निम्मी उष्णता डोक्यावाटे निघून जाते, असे सुशिक्षित माणसेही सांगत असतात. अमेरिकन लष्कराच्या १९७० सालच्या एका पुस्तिकेतही, उघड्या डोक्यावाटे शरीराची ४० ते ४५ टक्के उष्णता जाते, असे म्हटले होते. त्याच्या मुळाशी जे जुने प्रयोग असल्याचे सांगतात, त्यांत शिपायांचे सर्वांग जाड पोशाखाने झाकलेले होते आणि डोके तेवढे उघडे होते. अर्थात उष्णता बाहेर पडावयास तोच एक दरवाजा उरला होता! २००८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या समजाचे जाहीर खंडन झाले. प्रौढ माणसाचे डोके म्हणजे त्याच्या सर्व त्वचेचा सात ते नऊ टक्के भाग. उष्णताही साधारण त्याच मानाने जाते. तेव्हा डोक्याला लोकरीची टोपी आणि अंगात पातळ सदरा, अशाने थंडी वारली जाणार नाही. छाती, पाठ व पाय आधी झाकलेले असावेत.

मग डोके झाकावयाचेच कशाला? त्याला सबळ कारणे आहेत. हातापायांच्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात. डोक्याच्या कातडीतील रक्तवाहिन्या तितक्या आकसत नाहीत, म्हणून तेथून उष्णता वाहतच राहते. चेहऱ्याच्या त्वचेला गारठा लवकर जाणवतो, आणि चेहऱ्यावर गार वारा बसला की रक्ताचा दाब वाढतो. वृद्धांच्या आणि हृदयविकार असलेल्यांच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. शिवाय दमेकऱ्याने कोरडी थंड हवा झपाट्याने आत ओढली, की त्याच्या श्वासनलिका आवळतात. नाकातोंडावर सैलसर मफलर धरला म्हणजे उच्छ्वासाची ऊब व ओल त्यात राहते आणि पुढचा श्वास तीच घेऊन आत जातो. दमेकऱ्याने नाकाने श्वास घ्यावा, मफलर वापरावा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध खिशात ठेवावे. मात्र शेकोटीचा धूर किंवा रस्त्यावरील बारीक धूळ या फडक्याने अडते, असे मानू नये. धुरापासून दूर बसणे हाच त्यावर उपाय.

आता कापडाविषयी. आमच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी धनगर विणतात. ती अंगाला खरखरीत लागते. परंतु तिची खोळ करून पहाटे पाणी पाजावयास निघालेल्या शेतकऱ्याला तिची योग्यता सांगावयास नको. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओल शोषून घेते आणि तरीही ऊब टिकवते. सुती पंचा कोरडा असेतोवर चांगला. घामाने वा दहिवराने भिजला, की उलट गारवा देतो. बाजारातील स्वस्त रंगीत टोप्या बहुधा कृत्रिम लोकरीच्या असतात. त्या उबदार असतात, लवकर वाळतात, परंतु ठिणगी पडली की चटकन पेटतात आणि वितळून कातडीला चिकटतात. अशी टोपी घालून चुलीपुढे किंवा शेकोटीपुढे वाकू नये. खरी लोकर सहसा इतक्या सहज पेट घेत नाही. खरखरीत लोकरीने कपाळाला खाज सुटत असेल, तर आत मऊ सुती पट्टी शिवून घ्यावी.

डोळ्यांपुरती फट ठेवून मानेपर्यंत उतरणारी जी विणलेली टोपी, तिला आम्ही माकडटोपी म्हणतो. तिचे इंग्रजी नाव क्रिमियातील बालाक्लावा या बंदरावरून पडले. तेथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी लढाई झाली आणि त्या मोहिमेत ब्रिटिश शिपायांना कडाक्याची थंडी सोसावी लागली. वाऱ्यात बराच वेळ एका जागी बसणाऱ्या माणसास, म्हणजे रात्रीच्या राखणदारास किंवा पहाटे उघड्या गाडीतून दूध, भाजी नेणाऱ्यास, हिच्यासारखी सोय नाही. पण जो चालतो, कुदळ मारतो, त्याला ती लवकरच घामाने ओली करते. त्याने कान झाकणारी साधी कानटोपी घ्यावी आणि अंग तापताच ती काढून कनवटीस लावावी.

तान्ह्या मुलांची गोष्ट निराळी. त्यांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. सर्व त्वचेचा सुमारे पाचवा हिस्सा डोक्याचाच. म्हणून बाहेर नेताना टोपडे आणि वरून कुंची घालण्याची आमच्या आजीबाईंची रीत अगदी रास्त होय. परंतु घरात बाळ निजले असता टोपडे काढून ठेवावे. जादा उष्णता बाहेर टाकावयास त्याला डोक्याचाच मोठा आधार असतो, आणि झोपेत सरकलेले टोपडे नाकातोंडावर येण्याचेही भय असते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असून डॉक्टरांनी टोपडे ठेवावयास सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे. खेळत्या मुलांच्या टोपीला गळ्याभोवती आवळली जाईल अशी लांब नाडी ठेवू नये.

हाच धोका मोठ्या माणसांना मफलरापासून आहे. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे उघड्या मोटारीत बसली. तिच्या गळ्यातील लांब रेशमी उपरणे चाकात गुंतले आणि ती तेथेच गतप्राण झाली. आमच्याकडे चरक, मळणीयंत्र, कडबाकुट्टी आणि पंपाचा पट्टा ही सर्व चाकेच आहेत. यंत्राजवळ काम करणाऱ्याने मफलर घालूच नये, कानटोपी घालावी. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या भगिनींनी पदराची आणि ओढणीची टोके आत खोचूनच बसावे. चालविणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की मफलर गुंडाळला म्हणजे हेल्मेट झाले असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट बंधनकारक आहे. त्याच्या आत पातळ, अंगाबरोबर बसणारी टोपी चालेल. जाड लोकरीच्या टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. चष्मा असेल तर मफलर नाकाच्या शेंड्याखाली ठेवावा, नाहीतर वाफेने काचा धुरकटून समोरचा खड्डा दिसावयाचा नाही. कान झाकले की ऐकूही कमी येते. म्हणून रस्ता ओलांडताना मान वळवून दोन्हीकडे पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली, ती सांगतो. थंडीत सकाळी एखाद्याचे तोंड एका बाजूस वाकडे झालेले दिसते. लगेच घरची माणसे म्हणतात, ‘रात्री कान उघडे ठेवून निजला, गार वारा लागला.’ मग तेल चोळणे, शेक देणे, फडके बांधणे सुरू होते आणि दोन दिवस निघून जातात. वाचकहो, असे कदापि करू नये. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन तोंड वाकडे होण्याचा एक विकार आहे. त्यावरील औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्यास गुण चांगला येतो, आणि मिटत नसलेल्या डोळ्याची निगाही ताबडतोब घ्यावी लागते. परंतु तोंड वाकडे होणे हे मेंदूतील रक्तप्रवाह अडल्याचे, म्हणजे पक्षाघाताचेही लक्षण असते. त्याबरोबर एक हात उचलेनासा झाला किंवा बोबडी वळली, तर संशयास जागाच नाही. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. दोहोंतील भेद घरच्या माणसाने करीत बसू नये. १०८ क्रमांकास कळवून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि लक्षण प्रथम किती वाजता दिसले ते डॉक्टरांस सांगावे. वाऱ्याला दोष देत घालविलेला एक तास कित्येकदा माणसाचा हात किंवा वाचा घेऊन जातो.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस येणारी वृद्ध मंडळी एक शंका विचारतात: देवमंदिरात पुरुषाने कानटोपी काढावी काय? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या आधारे पुरुषांनी उघड्या डोक्याने प्रार्थना करण्याची चाल पडली. १९१७ च्या धर्मसंहितेतही तो नियम होता. मात्र स्थानिक रूढी आणि विशेष परिस्थिती यांस त्यातही सवलत होती. १९८३ च्या संहितेत तो नियम घेतलेला नाही. तरुणांनी आदर म्हणून टोपी काढावी, हे उत्तम. परंतु सत्तरी उलटलेल्या आजोबांनी उघड्या मंडपातील मिस्सेस मफलर कानांवर ठेवला, तर त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये.

थंडीच्या तोंडावरच, ११ नोव्हेंबर रोजी, संत मार्टिन यांचा सण येतो. आमिआं नगराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास त्यांनी आपला झगा तलवारीने दुभागून अर्धा दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांचा झगा पुढे जेथे जपून ठेवला, त्या जागेस लॅटिनमध्ये झग्यावरूनच नाव पडले, आणि गोव्यात आपण ज्याला कपेल म्हणतो तो शब्द त्यातूनच आला. घरोघरी या दिवसांत मुलांना नवी टोपी येते, कर्त्या पुरुषास मफलर येतो; कोपऱ्यात बसलेली आजी ‘मला कशाला, मी कोठे बाहेर जाते?’ असे म्हणते आणि तिचे म्हणणे आपण खरे धरतो. ती पहाटे परसात जाते, विहिरीवर जाते, अंगणात सडा घालते. या आठवड्याच्या बाजारात तिच्या डोक्याचे माप घेऊन एक मऊ, कान पुरते झाकणारी कानटोपी आणावी, आणि ती पेटीत जपून न ठेवता ती रोज घालते की नाही, तेही पाहावे.