फीत वाजते तेव्हा मंच रिकामा

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बुल्सारा, पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला पारशी मुलगा. त्याच्या ‘क्वीन’ या रॉक बँडने २४ व २५ नोव्हेंबर १९८१ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे कार्यक्रम केले. त्यांच्या चित्रफितीवरून चाहत्यांत दोन तट आहेत. एकांना त्यातला खणखणीत आवाज आवडतो, शिवाय मंचावर चौघांखेरीज कोणी वादक नाही याचे कौतुक. इतरांची तक्रार अशी, की दोन रात्रींचे तुकडे जोडलेली फीत म्हणजे ‘प्रत्यक्ष कार्यक्रम’ नव्हेच.

खरी खडाजंगी ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’वर होते. त्यातला मधला समूहगायनाचा भाग १९७५ साली स्टुडिओत तिघांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून मुद्रित केला होता. तो मंचावर चौघांनी गाणे अशक्यच. म्हणून तेवढा वेळ ध्वनिफीत वाजते आणि कलाकार मंचावरून निघून जातात. काही चाहते याला फसवणूक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. उभे राहून नुसते ओठ हलवले असते, तर ती फसवणूक झाली असती. (आपल्या स्नेहसंमेलनात सीडी लावून गाणाऱ्यांनी रागावू नये!) इथे मंच रिकामा ठेवून त्यांनी सारे उघडच केले. गिटारचा दणका सुरू होताच चौघे परततात.