मुंबई-नागपूर : अंतर कोणते खरे?

मुंबईहून नागपूर किती दूर, असे एखाद्या विद्यार्थ्याला विचारले तर तो नकाशावर पट्टी ठेवील आणि सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर असे सांगेल. रेल्वेचा हिशेब ८३७ किलोमीटरचा. कारण रूळ कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला असे वळसे घेत जातात. २०२५ च्या जूनमध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. तरीही प्रवाशाचे समाधान त्यांतल्या एकानेही होत नाही. त्याला अंतर हवे असते ते तासांत आणि रुपयांत.

विमानाचेच पाहा. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने हे अंतर एक्कावन्न मिनिटांत कापले जावे. प्रत्यक्षात वेळापत्रक सुमारे दीड तासाचे असते. धावपट्टीपर्यंतची रांग, उंची गाठणे आणि उतरणे यांत पूर्ण वेग मिळतच नाही. आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर तो वेळ निराळाच. त्यात घर ते विमानतळ, तपासणी आणि सामानाची प्रतीक्षा मिळवली, की दीड तासाचे सहज पाच तास होतात. याउलट रात्रीच्या गाडीला अकरा ते पंधरा तास लागत असले, तरी त्यांतले बरेचसे झोपेत जातात आणि दिवस हाताशी राहतो. शिक्षक आणि कारकून गाडीच पसंत करतात, ते केवळ भाड्यामुळे नव्हे.

नागपूरचे मध्यवर्ती स्थान पूर्वी फार कल्पकतेने वापरले गेले होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत. माणूस घरी झोपलेला असे आणि त्याचे पत्र प्रवास करीत असे. या व्यवस्थेचे मर्म आपण विसरलो आहोत.

१९५३ च्या नागपूर करारात सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरास मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरवावे, असे ठरले. उच्च न्यायालयाचे खंडपीठही नागपुरात आहे. त्यामुळे विदर्भातल्या पक्षकाराला प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. पण मंत्रालयातल्या फायलीचे काय? गडचिरोलीच्या एखाद्या शिक्षकाच्या सेवेचा प्रश्न मंत्रालयात अडकला, तर आधी नागपूरपर्यंतचे सुमारे १७० किलोमीटर आणि मग ही रात्र, असा त्याचा प्रवास असतो. इतके करून संबंधित अधिकारी रजेवर निघाला, तर दीड तासाचे विमान आणि आठ तासांचा महामार्ग त्याच्या काय कामाचे?

रस्ते आणि विमाने हवीतच; त्यांना विरोध करण्याचा करंटेपणा कोणी करू नये. परंतु ज्या कामासाठी माणसाला प्रवास करावा लागू नये, त्यासाठी त्याला अधिक वेगाने पाठविणे ही प्रगती नव्हे. पत्र फिरावे, माणसाने घरी राहावे, हे १९४९ मध्ये साधले होते. आज तर कागद क्षणार्धात पोहोचतो. उशीर होतो तो त्यावर सही होण्याला, आणि मुंबई-नागपूरमधले खरे अंतर तेवढेच आहे.