बियाण्याची आयात व सभागृहातील प्रश्न

नवी मुंबईच्या दक्षिणेस, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे जे मोठे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेथे परदेशचा नाना प्रकारचा माल उतरतो. त्यात बियाणे असते, कडधान्य असते, पेंड असते, लाकूड असते. आणि अशा मालाबरोबर एखादी अळी, एखादी बुरशी किंवा एखादे तण येण्याची धास्ती नेहमीच असते. ज्यांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर हे बंदर आणि हे शहर उभे राहिले, त्या आपल्या भागातील शेतकऱ्यांस या मालाविषयी सरकारला काही विचारावयाचे झाल्यास कोणाकडे जावे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. ग्रामसभेत ठराव होतो की, आमदारसाहेबांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा. सर्वांचे हात वर होतात, ठराव तालुक्यास जातो आणि पुढे त्याचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते असा ठराव बहुधा चुकीच्या दारी गेलेला असतो.

याचे कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. परदेशाशी व्यापार, आयात-निर्यात आणि बंदरांवरील विलगीकरण हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. शेती, शेतीचे शिक्षण व संशोधन, पिकांचे किडीपासून संरक्षण आणि जमीन महसूल हे विषय राज्याच्या सूचीत आहेत. म्हणजे बंदर आपल्या उंबरठ्यावर असले, तरी त्यातून कोणते बी आत यावे याचा जाब दिल्लीत, खासदाराने, केंद्रीय मंत्र्यास विचारावयाचा असतो. तेच बी दुकानात आले, पिशवीतून विकले गेले आणि उगवले नाही, म्हणजे प्रश्न मुंबईस किंवा नागपुरास, आमदाराने, राज्याच्या कृषिमंत्र्यास विचारावयाचा. एकाच पिशवीची ही दोन दारे आहेत.

परदेशी वनस्पती-मालावर नजर ठेवण्याचा कायदा १९१४चा, म्हणजे इंग्रजी अमदानीतील आहे. सांप्रत त्याखाली २००३चा वनस्पती विलगीकरण आदेश चालतो. त्याप्रमाणे आयात करणाऱ्याने आधी परवाना घ्यावा लागतो, पाठविणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र मालाबरोबर यावे लागते आणि बंदरावर नमुना काढून तपासणी व्हावी लागते. बियाण्यापुरते बोलावयाचे, तर १९८८च्या नव्या बीज धोरणाने भाजीपाला व फुलझाडे यांच्या बियांस आयातीची वाट बरीच मोकळी करून दिली. तेलबिया, कडधान्ये यांस अटी राहिल्या. आपल्याकडील भाताच्या शेतकऱ्यास परदेशी बियाण्याचे फारसे कारण पडत नाही. त्यास कर्जतच्या संशोधन केंद्राच्या जाती आहेत, आणि खारजमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने काढलेल्या जाती आहेत. परंतु कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची किंवा कलिंगड लावणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पाकिटाचा परदेशाशी संबंध असू शकतो. तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे कोणी समजू नये.

आयातीच्या गाफीलपणाचा दाखला म्हणून सर्वजण गाजर गवताचे नाव घेतात. लोक त्यास काँग्रेस गवत म्हणतात आणि ते पी. एल. ४८०च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे सांगतात. आम्हांस कागद पाहण्याची खोड असल्यामुळे येथे एक गोष्ट नमूद करतो. पी. एल. ४८०खालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६चा आहे, आणि हे गवत पुण्यात १९५५च्या सुमारास दिसल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी नमूद केले आहे. त्या कराराच्या आधीही परदेशी धान्य देशात येतच होते. गवत कोणत्या बोटीने आले याचा वाद विद्वानांनी घालावा. ते बांधावरून हटले नाही, एवढे खरे.

आता दोन आयातींची तुलना पाहा. १९६६ साली सी. सुब्रह्मण्यम् हे अन्न व कृषिमंत्री असता मेक्सिकोहून लर्मा रोहो व सोनोरा या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले गेले. त्यावर दिल्लीत बरीच टीका झाली. परकीय चलनाची एवढी टंचाई असता हा खर्च कशासाठी, परदेशी बी आपल्या मातीत टिकेल काय, इत्यादि शंका काढण्यात आल्या व मंत्र्यांस त्यांस तोंड द्यावे लागले. या बियाण्याने पुढे काय केले, हे गहू पिकविणाऱ्यांस सांगावयास नको. याउलट १९९५ साली जालन्याच्या एका बियाणे कंपनीस अमेरिकेतून बोंडअळीस मारक जनुक घातलेले कपाशीचे बी आणण्याची परवानगी मिळाली, ते बी अवघे १०० ग्रॅम होते. मूठभर बियाण्याकडे कोणाचे लक्ष जाणार? मार्च २००२ मध्ये त्यापासून केलेल्या संकरित वाणांस लागवडीची परवानगी मिळाली, आणि दहा-बारा वर्षांत देशातील कपाशीचे बहुतेक क्षेत्र त्या जातीच्या बियाण्याखाली गेले. पहिली काही वर्षे फवारणी कमी झाली, उत्पन्न वाढले, हे कबूल केले पाहिजे. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषास पचवू लागली व २०१७ साली विदर्भात तिने कहर केला. यावरून आमचे म्हणणे इतकेच की, आयातीचे महत्त्व वजनावर ठरवू नये, आणि प्रश्न विचारावयाचा तो बी पोत्यात शिरण्यापूर्वी विचारावा.

हे काम सभागृहातील घाईच्या तासापेक्षा समितीत अधिक नीट होते. बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने जनुक-परिवर्तित पिकांची चौकशी केली, तेव्हा मार्च २०१२ मध्ये सभासद यवतमाळ जिल्ह्यातील गावांत जाऊन कपाशीच्या शेतकऱ्यांशी बोलले. अधिकाऱ्यांस दिल्लीत बसवून उलटसुलट विचारले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात समितीचा ३७वा अहवाल संसदेपुढे आला. सर्व पक्षांच्या सभासदांनी एकमताने दिलेला असा कडक अहवाल क्वचितच पाहावयास मिळतो.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्या लोकांस सहजासहजी मिळाला नाही. १८९२च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस प्रथम प्रश्न विचारता येऊ लागला. परंतु उत्तर मिळाले की मुकाट्याने खाली बसावयाचे, अशी पद्धत होती. १९०९ नंतर मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाची मुभा मिळाली, आणि १९१९च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांसही मिळाली. खरी धार या उपप्रश्नात असते. लेखी उत्तर कचेरीत तयार होते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्यास उभे राहून, तेथल्या तेथे द्यावे लागते. म्हणूनच तारांकित प्रश्नास किंमत आहे. लोकसभेत दर दिवशी असे वीस प्रश्न घेतात व तोंडी चर्चेस त्यांतील थोडेच येतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास मुळीच झाला नाही, केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. आणि त्याच अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयके संमत झाली, जी पुढे २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. या दोन गोष्टींचा संबंध वाचकांनी आपल्या मनाशी लावावा.

आता प्रश्न खाली कसा उतरतो ते सांगतो, कारण महसूल खात्यातील नोकरीत असे कागद आमच्या हातून पुष्कळ गेले. आमदाराचा प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्यास, जिल्ह्याहून तालुक्यास आणि तालुक्याहून तलाठ्याकडे येतो. त्यावर लाल अक्षरात ‘विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे’ असे लिहिलेले असते व त्या दिवशी कचेरीतील दिवे उशिरापर्यंत जळतात. प्रश्न बियाण्याचा असला तरी पेरणीचे क्षेत्र गाव नमुना बारावरून काढावे लागते, म्हणून तो आमच्याकडेही येई. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिला भाग, ‘अमुक झाले, हे खरे आहे काय?’ दुसरा, ‘असल्यास, चौकशी केली काय?’ तिसरा, ‘चौकशीत काय आढळले व कोणती कार्यवाही केली?’ चौथा, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ वाचकांनी लक्षात ठेवावे की, सर्व जोर पहिल्या भागावर असतो. तो पडला की उरलेल्या तिन्हींपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहिले जाते.

एका तालुक्यात भाताचे बियाणे न उगवल्याचा प्रश्न आला होता. तक्रार खरी होती, कोरडी पडलेली रोपवाटिका आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. परंतु ती होती खुर्दात, आणि प्रश्नात गाव लिहिले होते बुद्रुक. शिवाय ‘सर्व शेतकऱ्यांचे’ बियाणे वाया गेले, असे शब्द होते. बुद्रुकात पेरणी उत्तम होती. वरून उत्तर गेले, ‘हे खरे नाही.’ कागद नियमास धरून होता आणि खुर्दच्या शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही. आमदाराने तरी काय करावे? त्यास कोणी तरी रस्त्यात उभ्याउभ्या तोंडी सांगितले, आणि त्याच्या माणसाने ऐकले तसे लिहिले.

न्हावा-शेव्याचा प्रत्यक्ष दाखला २०२१चा आहे. त्या ऑगस्टच्या आरंभी सोयाबीनचा भाव क्विंटलास दहा हजारांच्या घरात गेला होता व कोंबडीखाद्याचे कारखानदार पेंड महाग झाली म्हणून ओरड करीत होते. २४ ऑगस्ट रोजी केंद्र सरकारने जनुक-परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणण्यास मुभा दिली. त्यासाठी सुरुवातीस नेमून दिलेल्या दोन ठिकाणांपैकी एक आपले न्हावा-शेवा, दुसरे बंगालच्या सीमेवरील पेट्रापोल. पेंड तेल काढलेली व भरडलेली आहे, तिच्यात जिवंत काही नाही, सबब पर्यावरणाच्या दृष्टीने हरकत नाही, असे त्या खात्याने म्हटले. मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकरी रागावला तो भावासाठी. नवा माल बाजारात आला तेव्हा भाव पाच-सहा हजारांवर उतरला होता. तो सर्वस्वी या पेंडीमुळेच उतरला, असे म्हणणे धाडसाचे होईल. काढणीच्या वेळी भाव पडतातच. परंतु काढणी तोंडावर असता ही घोषणा झाली, याविषयी मात्र जाब विचारणे रास्त होते. आणि ‘जिवंत काही नाही’ हे शब्द तर आमच्यासारख्या कारकुनास फारच विचार करावयास लावतात. भरडलेल्या पोत्यात अख्खा दाणा राहिला नाही, हे पाहणारा कोण?

नुसत्या प्रश्नाने सर्व मिळते, असेही नाही. जासईचे दि. बा. पाटील हे पाच वेळा आमदार व दोनदा खासदार होते. विरोधी पक्षनेते असता त्यांनी मंत्र्यांस सभागृहात धारेवर धरले. तरीही सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी लोकांस रस्त्यावर यावे लागले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांस प्राण द्यावे लागले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली.

दुसरीकडे, ज्या कामास सभागृहाची गरज नाही ते तेथे नेऊन प्रश्न बोथट करू नये. सातबाऱ्याचा उतारा मिळत नाही, फेरफार अडकला आहे, अशा एकेकाच्या कामासाठी २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेची मुदत कचेरीतील फलकावर लिहिलेली असावी लागते. अर्जाची पोच घ्यावी. मुदत टळल्यास तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे अपील, आणि शेवटी आयोग. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या अनुभवाने पोच मागणाऱ्या शेतकऱ्याचे काम निम्मे तेथेच होते.

बियाणे न उगवल्यास तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करून पंचनामा मागावा. २०२० साली सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी राज्यात झाल्या, त्या वेळी ज्याच्याजवळ पावती, पिशवी व तिच्यावरील लॉट नंबर होता त्याचेच म्हणणे कागदावर टिकण्याजोगे होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के, भाताची ८० टक्के, हे आकडे पाठ असावेत. पीक पाहणी आता शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवितो, तीही वेळेवर करावी. क्षेत्राचा आकडा तेथूनच वर जातो.

आमदारास द्यावयाच्या टिपणात गावाचे पूर्ण नाव, पेरणीची तारीख, विक्रेता, लॉट नंबर, तक्रार अर्जाचा पोच क्रमांक व बाधित शेतकऱ्यांची मोजलेली संख्या असावी. ‘सर्व’, ‘असंख्य’ हे शब्द गाळावेत. खासदारास द्यावयाचे टिपण वेगळे करावे. त्याचा मसुदा आम्ही येथे देतो, संस्थेच्या सभासदांनी त्यात फेरफार करून पाठवावा: न्हावा-शेवा येथे गेल्या तीन वर्षांत पेरणीसाठी म्हणून कोणत्या पिकांचे किती बियाणे उतरले, त्यांपैकी किती मालाचे नमुने काढले व किती माल परत पाठविला किंवा नष्ट केला, भरडलेली म्हणून आलेल्या पेंडीत उगवणक्षम दाणा नाही याची तपासणी कोणत्या अधिकाऱ्याने, दर किती टनांस एक नमुना घेऊन केली, आणि तपासनिसांच्या मंजूर जागांपैकी त्या बंदरावर आज किती भरलेल्या आहेत?