प्रेसनोट छापली, बातमी राहिली

माझी नोकरी कारकुनाची. साहेबांनी मजकूर सांगायचा, मी टाईप करायचा, सही घ्यायची, जावक क्रमांक टाकायचा आणि कागद रवाना करायचा. एकदा आमच्या कचेरीतून 'पाणीपुरवठा पूर्ववत झाला आहे' अशी प्रेसनोट वर्तमानपत्रांकडे गेली. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर तोच मजकूर शब्दाला शब्द छापलेला. टाईप करताना माझ्या हातून झालेली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच! वर मात्र लिहिले होते, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. त्या वेळी माझी पत्नी हंडा घेऊन वस्तीतल्या कोरड्या नळापुढे रांगेत उभी होती. प्रतिनिधी त्या नळावर आला असता तर बातमी वेगळी झाली असती.

प्रेसनोट ही वाईट गोष्ट नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, लसीकरणाची तारीख, रेशनचा बदललेला नियम हे सारे आपल्याला तिच्यामुळेच कळते. मंत्रालयात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याला माहिती अधिकारी आहेत. सरकारची बाजू मांडणे हे त्यांचे काम आणि ते ते करतात. पण ती एकच बाजू असते. दुसरी बाजू शोधणे हे पत्रकाराचे काम आहे. ते झाले नाही तर काय होते, हे आपल्या समाजाने रक्त सांडून पाहिले आहे.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले, महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळीबार झाला. १० जण ठार झाले, २६ जखमी झाले. सरकारी खुलासा आला की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळ्या झाडाव्या लागल्या. पुरावा म्हणून चित्रफीतही पुढे करण्यात आली. मी तेव्हा शाळेत होतो. वस्तीत जो तो विचारत होता, टँकर कुठे होता आणि माणसे कुठे पडली? हा प्रश्न काही रहस्यमय नव्हता. रस्त्यावर चालत जाऊन, घराघरांत विचारून कोणालाही त्याची शहानिशा करता आली असती. पण 'टँकर' आणि 'हिंसक जमाव' हे दोन शब्द घरोघर पोचले होते. ज्यांच्या घरात प्रेत होते, त्यांनाच आपले माणूस दंगेखोर नव्हते हे सांगत फिरावे लागले.

सत्य बाहेर आले, पण कसे? मानवी हक्कांसाठी झटणारे निवृत्त न्यायमूर्ती, वकील आणि कार्यकर्ते वस्तीत गेले, लोकांच्या साक्षी घेतल्या. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि त्याचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. २००९ साली सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. पहिल्या खुलाशाला एक दिवस पुरला होता. त्याचे उत्तर कोर्टातून यायला बारा वर्षे लागली.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. आपले दुःख दुसरा छापील म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक पत्रे त्यांनी काढली.

आज साधने बदलली, प्रश्न तोच आहे. २०२३ साली केंद्र सरकारने नियम केला, की सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवर आलेली कोणती माहिती खोटी, हे सरकारनेच नेमलेला विभाग ठरवील. म्हणजे वादीही तोच आणि न्यायाधीशही तोच! पत्रकार व कलावंत कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

आपण कामकरी माणसे काय करू शकतो? संध्याकाळी मुलांना बातमी मोठ्याने वाचायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा. हे कोण सांगतो? बातमीदार त्या जागी गेला होता का? ज्याच्यावर बेतले, त्याचे म्हणणे यात आहे का? उत्तर 'नाही' आले तर ती बातमी अर्धीच समजा. आपल्या वस्तीत काही घडले तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा आणि कोणी काय पाहिले ते वहीत लिहून ठेवा. संपादकाला पत्र पाठवा, त्याची प्रत जवळ ठेवा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर कचेरीतला कागद मागता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आम्हा कारकुनांना त्या अर्जाचे वजन चांगले ठाऊक आहे.

आणि जो बातमीदार चिखल तुडवत आपल्या गल्लीत येतो, त्याला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या आणि खरे तेवढेच सांगा. एक शब्दही फुगवून सांगू नका. आपली बाजू खरी आहे, तिला फुगवण्याची गरज नाही.