काउन्सिल टॅक्स सवलत
काउन्सिल टॅक्स सवलत ही ग्रेट ब्रिटनमधील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्थानिक करात मिळणारी सूट होय. हा कर घरपट्टीसारखा असला, तरी तो सहसा मालकाकडून नव्हे, तर घरात राहणाऱ्याकडून घेतला जातो. म्हणून भाडेकरूही या सवलतीस पात्र ठरतात. रोख रक्कम हाती येत नाही, देयकच कमी होते.

१९९३ पासूनचा काउन्सिल टॅक्स बेनिफिट एप्रिल २०१३ मध्ये रद्द झाला. इंग्लंडमध्ये निवृत्तिवयाखालील लोकांसाठीचे नियम स्थानिक परिषदांकडे आले. केंद्राचा निधी मात्र सुमारे १० टक्क्यांनी घटला. परिणामी अनेक परिषदा अगदी निर्धनांकडूनही कराचा काही भाग वसूल करतात. वृद्धांना राष्ट्रीय नियमांचे संरक्षण आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ही सवलत अंतर्भूत नाही. परिषदेकडे निराळा अर्ज न केल्यास पात्र कुटुंबासही पूर्ण कर भरावा लागतो.