डिलाईल रोडवरचा मवाळ

लोअर परळ स्टेशनाबाहेर पडलात की पाटी दिसते : ना. म. जोशी मार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी अजून डिलाईल रोडच. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर उठणारा, लाल बावट्याचा हा मुलूख. आणि इथल्या रस्त्याला नाव कुणाचं? गोखल्यांच्या भारत सेवक समाजातल्या एका मवाळाचं! अर्जविनंत्या करणारी मंडळी म्हणून ज्यांची आपण शाळेपासून टिंगल ऐकली, त्यांच्यातलाच हा एक.

खरी गंमत पुढेच आहे. मवाळ म्हणजे उदारमतवादी, इंग्रजीत ‘लिबरल’. विलायती उदारमतवादाचं मूळ कलम काय? धंद्यात सरकारनं नाक खुपसू नये. मालक-मजूर आपसांत काय ते बघून घेतील. मवाळांचेच न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात या कलमालाच हात घातला. इंग्लंडचं अर्थशास्त्र इथे जसंच्या तसं चालायचं नाही, सरकारनं हातपाय हलवायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. जोशी तीच वाट धरून थेट गिरणगावात उतरले. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं सुरू केली.

इथवर सगळं मवाळच. पुढे मात्र प्रश्न थेट कायद्याचा होता. १९११ च्या कायद्यानुसार कापडगिरणीत पुरुषाला दिवसाला बारा तास राबवता येत होतं! १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिथे जोशी हजर होते. १९२२ च्या कायद्यानं दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. तासांसारखाच प्रश्न युनियनचा. त्या काळी युनियनच्या पुढाऱ्यांवर मालक नुकसानभरपाईचा दावा लावू शकत होते. मद्रासला तसं घडलंही. जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात युनियनला संरक्षण मागितलं. कायदा झाला १९२६ मध्ये.

उदारमतवादी असून सरकारला कामाला लावणं ही उलटी चाल वाटते? आता अमेरिकेकडे बघा. तिथे ‘लिबरल’ म्हणजे गरिबासाठी सरकारला कामाला लावणारा, हा अर्थ रूझवेल्टच्या काळात, १९३० नंतर पक्का झाला. पाटी तीच, बसचा मार्ग भलताच! परळची बस त्याआधीच वळली होती की. पुढे तिथल्याच १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुशनी प्रतिस्पर्धी डुकाकिसना ‘लिबरल’ म्हणून अक्षरशः हिणवलं. आपल्याकडे ‘मवाळ’ची ती गत १९०७ च्या सुरत काँग्रेसच्या सुमारासच झाली होती.

जोशींनाही ते हिणवणं चुकलं नाही. ते सरकारच्या मजूर कमिशनवर बसले, कम्युनिस्टांना त्यावर बहिष्कार हवा होता. १९२९ मध्ये नागपूरला आयटक ही कामगार संघटना फुटली, जोशी बाहेर पडले. १९४० मध्ये दोन्ही तट पुन्हा एक झाले, तेव्हा आयटकनं सरचिटणीस म्हणून निवडलं ते याच मवाळाला.