तणनाशकाचा रिकामा डबा आणि पिण्याचे पाणी

जबलपूर परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि शेतावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती पाण्याची प्लॅस्टिकची बाटली असते. उन्हाने प्लॅस्टिक तापले की त्यातील रसायन पाण्यात उतरते, ही शंका निराधार नाही. मात्र शेतकरी कुटुंबाला याहून मोठा धोका शेतातच पडलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकपासून असतो. तो म्हणजे तणनाशकाचा रिकामा डबा.

उन्हात तापलेली बाटली

पाण्याच्या पातळ बाटल्या ज्या पेट प्लॅस्टिकच्या असतात, ते बनवताना बहुधा अँटिमनीचे संयुग वापरले जाते. त्याचे सूक्ष्म अंश पाण्यात झिरपतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासानुसार, तेथील प्रतिलिटर ६ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडण्यास ८० अंश सेल्सिअसला सुमारे २.३ दिवस, तर ६० अंशांना १७६ दिवस लागतात. म्हणून बाटली सावलीत ठेवावी आणि तीत उकळता चहा ओतू नये. एवढी काळजी पुरेशी आहे.

डबा धुतला तरी

पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के या तणनाशकाचे उदाहरण घेऊ. रिकाम्या वाटणाऱ्या एक लिटरच्या डब्यात १० मिलि द्रावण उरले, तर त्यात सुमारे २,४०० मिलिग्रॅम विष असते. दर वेळी २५० मिलि पाणी घालून डबा विसळला आणि तळाशी १० मिलि पाणी राहिले, असे मानू. पहिल्या विसळणीनंतर सुमारे ९२, दुसरीनंतर ३.५ आणि तिसरीनंतर ०.१४ मिलिग्रॅम विष उरते.

हे प्रमाण नगण्य वाटते. पण त्या डब्यात एक लिटर पाणी भरल्यास विषाचे प्रमाण प्रतिलिटर ०.१४ मिलिग्रॅम होते. बाटलीबंद पाण्यासाठी भारतीय मानकातील एकेका कीडनाशकाची मर्यादा ०.०००१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हे पाणी त्या मर्यादेच्या सुमारे १,४०० पट दूषित ठरते. शिवाय काही रसायने प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरतात आणि नंतर हळूहळू बाहेर येतात. तीनदा विसळणे हे डब्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्यासाठी आहे. त्यामुळे डबा पाणी पिण्याजोगा होत नाही.

उलटी चूक अधिक घातक

शेजाऱ्याला थोडे तणनाशक देताना ते शीतपेयाच्या बाटलीत ओतले जाते. गडद रंगामुळे लहान मूल त्याला सरबत समजू शकते. पॅराक्वाटवर उतारा नाही आणि एक घोटही जीवघेणा ठरू शकतो. असे घडल्यास मूळ डब्याचे लेबल सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

काय करावे

• फवारणीचे द्रावण तयार करतानाच डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे. विहीर, नाला किंवा हौदाजवळ सांडू नये.
• विसळलेल्या डब्याला लगेच भोके पाडावीत. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाणार नाहीत अशा रीतीने मोडून वस्तीपासून दूर पुरणे अपेक्षित आहे. डबे जाळू नयेत.
• तणनाशक मूळ डब्यातच, कुलूपबंद ठेवावे.
• पाण्यासाठी माठ, स्टीलची कळशी किंवा खाद्योपयोगी नवी टाकी वापरावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकाचा शेवट डब्याला भोक पाडूनच करावा. भोक पडलेल्या डब्यात कोणी पाणी भरत नाही.